मुलांची घोडेस्वारी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मुलांना घोडेस्वारी शिकवावी का, शिकवली तर त्यातून नेमकं काय पदरात पडतं, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले काही इथे घेतले आहेत. उत्तरं घोडेस्वारीचे प्रशिक्षक आणि घोड्यांचे डॉक्टर यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. एका रायडिंग स्कूलच्या जाहिरातीत 'एकाग्रता वाढते, गणित सुधारते' असं छापलंय. फी आमच्या आवाक्याच्या जरा वरच आहे. अभ्यासाला खरंच फायदा होतो का? (एक पालक, नाशिक)

जाहिरातीतला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या अर्ध्यावर विसंबून फी भरू नका.

टोकियोच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांना थोडा वेळ घोड्यावर बसवलं आणि लगेच दोन चाचण्या दिल्या. पहिलीत एका खुणेला प्रतिसाद द्यायचा आणि दुसऱ्या खुणेला स्वतःला आवरायचं, तर दुसरीत आकडेमोड. आवरण्याच्या चाचणीत मुलं सुधारली, तीही तीनपैकी दोन घोड्यांवर बसल्यानंतर. आकडेमोडीत फरक कमीच दिसला. शिवाय हे मोजमाप स्वारीनंतर लगेचचं. परिणाम वार्षिक परीक्षेपर्यंत टिकतो, असं त्यातून निघत नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा २०१४चा अभ्यास आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. पाचवी ते आठवीच्या १३१ मुलांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाने ११ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास, घोड्यांच्या सहवासात घालवला. अखेरीस या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दुसऱ्या गटापेक्षा कमी भरलं. त्या दीड तासात नुसती स्वारी नव्हती. घोड्याचं निरीक्षण, खरारा, दोरी धरून चालवणं हेही होतं.

आता एकाग्रता येते कुठून, ते सांगतो. घोड्याला शिकवतात ते दाबाने, आणि शिकवण असते ती दाब सुटण्यात. पोटरीचा हलका दाब दिला, घोडा निघाला, की त्याच क्षणी पाय सैल. थांबवायचं तर पाठ ताठ, लगामावर बोटं मिटली, घोडा थांबला की बोटं उघडली. मूल दाब सोडायला विसरलं तर घोड्याला बरोबर केल्याची पावतीच मिळत नाही. मग तो तिसऱ्या-चौथ्या वेळी टाचेकडे लक्ष देणं सोडून देतो. मुलाला वाटतं, घोडा हट्टी आहे. चांगला प्रशिक्षक इथे थांबवून विचारतो, "पाय कधी सोडलास?" आपल्या कृतीचा परिणाम सेकंदाच्या आत समोर दिसणं आणि तो नाकारता न येणं, हे वर्गात फार कमी वेळा घडतं.

गणितही आहे, पण ते गुणपत्रिकेतलं नाही. सरावाचं मैदान २० बाय ४० मीटरचं असतं आणि कडेने अक्षरांच्या पाट्या असतात. आखूड बाजूच्या मध्यावर 'ए', उजव्या फेरीत, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाताना, पुढचा कोपरा ओलांडला की ६ मीटरवर 'के'. 'ए'पासून २० मीटर व्यासाचं वर्तुळ काढायला सांगितलं, की नवखं मूल हमखास 'के'ची पाटी गाठायला जातं आणि कोपऱ्यात खोल शिरतं. वर्तुळ खरं तर लांब बाजूला कोपऱ्यापासून १० मीटरवर टेकायला हवं, म्हणजे 'के'च्या ४ मीटर पुढे, आणि नंतर मैदानाच्या बरोबर मधून जायला हवं. पाटीच्या नादात वर्तुळाचं अंडं होतं. उपाय सोपा आहे. चार स्पर्शबिंदूंवर चार शंकू ठेवा आणि मुलाला दोन शंकूंमधली घोड्याची पावलं मोठ्याने मोजायला लावा. चारही तुकड्यांत आकडा सारखा आला, तर वर्तुळ गोल. परीघ साधारण ६३ मीटर, सावकाश चालीत घोडा मिनिटाला १०० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एक फेरी ३८ सेकंदांच्या जवळपास. हे त्रैराशिक पाचवीतल्या मुलाला मैदानाच्या कठड्यावर बसून मांडता येतं.

प्रश्न : मुलीचे पहिले दोन महिने खरारा, खूर साफ करणं, लीद उचलणं यातच गेले. स्वारी तासातली जेमतेम अर्धा तास. आम्ही पैसे कशाचे भरतोय? (एक पालक, पुणे)

ज्या शाळेत मूल आल्याबरोबर तयार घोड्यावर चढवतात आणि तास संपला की उतरवून गाडीत बसवतात, तिथे तुमचे पैसे जास्त वाया जातात. मोतद्दाराने सगळं करून दिलेल्या घोड्यावर मूल फक्त बसायला शिकतं.

खराऱ्याचंच बघा. रबरी खरारा आधी मानेपासून मागे, गोल गोल फिरवत, फक्त मांसल भागावर फिरवायचा. गुडघ्याखाली हाडावर चालवला तर घोडा पाय आपटतो. मग ताठ केसांच्या ब्रशने केसांच्या दिशेने धूळ काढायची. तोंडासाठी मऊ ब्रश. नंतर खूर. खांद्याला लागून, तोंड घोड्याच्या शेपटीकडे करून उभं राहायचं, पायावरून हात खाली नेत पाय उचलायला सांगायचं आणि खूर साफ करायच्या लोखंडी आकड्याने टाचेकडून पुढच्या कडेकडे माती काढायची. तळाशी मध्ये जो त्रिकोणी मऊ भाग असतो त्यावर आकडा टोचायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मात्र नीट रिकाम्या करायच्या. तिथे ओली लीद साचली की सडका वास येतो आणि खूर कुजायला लागतो. पावसाळ्यात हे रोजचं दुखणं आहे. वासावरून ओळखायला शिकलेलं मूल ते कधी विसरत नाही.

खोगिराच्या जागी हात फिरवून एखादा खडा, चिकटलेला चिखल राहिला का ते बघणं आलं. राहिला तर अर्ध्या तासात तिथे सोलवटतं. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, कसताना बरेच घोडे छाती फुगवतात. म्हणून आधी बेताचा कसायचा, पाच मिनिटं हातात धरून चालवायचं, मग पुन्हा बघायचं. दोन बोटं सपाट जातील इतका सैल हवा. हे न करता चढलेल्या मुलाचं खोगीर एका बाजूला घसरतं आणि मूल त्याच्यासकट खाली येतं. नवख्यांच्या पडण्यामागे हे कारण वारंवार निघतं.

तबेल्यातलं शास्त्र-गणित तर घरच्या अभ्यासाला जोडून घेण्यासारखं आहे. शिंप्याच्या फितीने घोड्याच्या छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून मोजा, आणि लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत वजनाचा अंदाज येतो. घेर १६० आणि लांबी १५५ असेल तर ३३४ किलो. दिवसाचा कोरडा चारा आणि खुराक मिळून वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावणेसात किलो. पाठीवरचं ओझं खोगिरासह वीस टक्क्यांच्या आत, म्हणजे ६७ किलोच्या खाली. आता मुलीला विचारा, तुझे बाबा या घोड्यावर बसू शकतील का?

नाडी जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला लागते. १५ सेकंद मोजून चाराने गुणायचं. विसावलेल्या मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ येते. दुडकीनंतर लगेच मोजली, दहा मिनिटांनी परत मोजली, की व्यायाम आणि विश्रांती हा धडा हातात येतो. घोड्याला उलटी करता येत नाही, जठर शरीराच्या मानाने लहान असतं, म्हणून चारा थोडा थोडा आणि अनेकदा द्यावा लागतो. हे कळलेलं मूल घोड्याला हौसेने भसाभस गूळ-हरभरे चारत नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. जमिनीवरचं काम एकूण वेळेच्या एक तृतीयांश ते निम्मं असावं आणि प्रत्येक वेळी सोबत कुणीतरी शिकवणारं असावं. सगळा तास लीद भरण्यात जात असेल आणि शेजारी प्रशिक्षकच नसेल, तर ते शिक्षण नाही, फुकटची मजुरी आहे. तिथे तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : कोणत्या वयात सुरुवात करावी? माथेरानला मुलगा दर वर्षी घोड्यावर बसतो, ते धरायचं का? (एक आई, ठाणे)

चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्याने धरलेल्या तट्टावर दहा-पंधरा मिनिटं फिरवायला हरकत नाही. लगाम स्वतः हाताळायचं शिक्षण सात-आठ वर्षांपासून. त्याआधी पोटरी खोगिराच्या पाखीखाली, म्हणजे बाजूला लोंबणाऱ्या कातडी भागाखाली, पोहोचत नाही, त्यामुळे मूल पायाने काही सांगूच शकत नाही. पहिल्या वर्षी तास तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा पुरे. आठवड्यातून दोनदा येणं हे महिन्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

माथेरानची फेरी धरू नका. तिथे घोडा घोडेवाल्याचं ऐकतो आणि रोजची वाट पाठ असते. भीती मोडायला ती चांगली, पण मांड तिथे तयार होत नाही. तिथेही हेल्मेट मागा.

प्रश्न : मुलगी दुडकीत पडली. लागलं नाही, पण आता घोड्याजवळ जायला नको म्हणते. सर म्हणतात, लगेच परत बसवायला हवं होतं. (एक वडील, कोल्हापूर)

पडल्यावर लगेच बसवायचं, ही जुनी समजूत आहे. डोक्याला मार बसल्याची जराही शंका असेल तर त्या दिवशी पुन्हा बसवायचं नाहीच. उलटी, गुंगी, गोंधळलेलं बोलणं, वाढती डोकेदुखी यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. आणि जे हेल्मेट आपटलं ते वरून धड दिसलं तरी टाकून द्या. आतला फोम एकदाच दबतो.

भीतीबद्दल. दुडकीत घाबरलेलं मूल पुढे झुकतं आणि गुडघ्यांनी खोगीर आवळून धरतं. गुडघा आवळला की टाच वर जाते आणि घोड्याच्या पोटाला टोचते. घोड्याला त्याचा अर्थ 'पळ' असा लागतो. तो वेग वाढवतो, मूल अजून आवळतं. मुलीला हे साखळीसारखं समजावून सांगा. घोडा तिच्यावर रागावला नव्हता, त्याला तिच्याच पायांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. हे कळलं की बहुतेक मुलांची निम्मी भीती जाते.

परतीची वाट हळूहळू. पहिले दोन तास फक्त जमिनीवर: खरारा, दोरी धरून चालवणं, थांबवणं, वळवणं. मग शांत घोडा, प्रशिक्षकाच्या हातात आठ-दहा मीटरची लांब दोरी आणि मुलीच्या हातात लगामच नाही. घोड्याच्या मानेभोवती एक पट्टा बांधा, घाबरली की तो धरेल. चालीत हात बाजूला पसरणं, खांदे फिरवणं, टाच खाली सोडणं. दुडकी आली की पाच-सहा पावलं दुडकी आणि परत चाल. तिला पाढे किंवा कविता मोठ्याने म्हणू द्या. बोलणारं मूल श्वास रोखू शकत नाही आणि श्वास चालू असला की कंबर सैल राहते. दुडकी दोन ठोक्यांची असते, तेव्हा एक-दोन, एक-दोन म्हणत उठबस शिकवली तर लय लवकर सापडते. घोड्याचा बाहेरचा, म्हणजे मैदानाच्या कडेकडचा, पुढचा पाय पुढे जातो तेव्हा उठायचं. ती स्वतः 'अजून' म्हणेल तेव्हाच पावलं वाढवा.

प्रश्न : शाळा निवडताना काय बघावं? कपडे, बूट काय घ्यावेत? (अनेक वाचक)

आधी न सांगता जा आणि घोडे बघा. पाठीवर मानेच्या मुळाशी किंवा तंगाच्या जागी जखमा, वाढलेले खूर, कोरड्या पाण्याच्या बादल्या दिसल्या तर परत फिरा. ज्याला घोडा सांभाळता येत नाही त्याच्याकडे मूल देऊ नये. नाकातून चिकट स्राव येणारा घोडा मुलांमध्ये वापरत असतील तर लगेच निघा. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो.

नवख्यांच्या गटात एका प्रशिक्षकामागे चार ते सहा मुलं, त्याहून जास्त नकोत. जमीन वाळूची, पाणी निचरून जाणारी हवी. एप्रिल-मेमध्ये तास सकाळी आठच्या आत संपत असावेत. एक घोडा दिवसातून किती तास चालवतात, हे विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजा.

सायकलचं हेल्मेट चालत नाही. घोड्यावरचं डोक्याच्या मागचा भाग जास्त खाली झाकतं. आत 'एएसटीएम एफ ११६३' किंवा 'ईएन १३८४' असं मानक छापलेलं असावं. भुवईच्या वर दोन बोटांवर बसायला हवं, हनुवटीचा पट्टा लावून डोकं हलवलं तर कातडीसकट हलायला हवं. बुटाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टाच आणि गुळगुळीत तळ हवा. खेळाचे बूट टाच नसल्याने रिकिबीत आरपार जातात, आणि पडलेलं मूल पाय अडकून फरफटलं जाण्याची शक्यता तिथूनच सुरू होते. रिकीब बुटाहून दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद हवी. लहान मुलांसाठी बाहेरच्या बाजूला रबर असलेल्या रिकिबी मिळतात. पडताना रबर निसटून पाय मोकळा होतो. रबर आत येईल अशी उलटी लावली तर उपयोग शून्य, म्हणून स्वतः बघा. बाकी महागडी ब्रीचेस (स्वारीची खास पँट) वगैरे पहिल्या वर्षी लागत नाहीत. आतून जाड शिवण नसलेली, अंगासरशी पँट पुरते.

प्रश्न : मुलगा स्वमग्न आहे, पुतणीला डाउन सिंड्रोम आहे. दोघांना एकत्र पाठवलं तर? (एक वाचक, नागपूर)

दोघांचा विचार वेगवेगळा करा. स्वमग्न मुलांबाबत आशा धरण्यासारखा पुरावा आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते १६ वयाची १२७ मुलं होती. दहा आठवड्यांच्या उपचारात्मक स्वारीनंतर चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, बोलण्यातले शब्द वाढले. तुलनेसाठीच्या गटाला तबेल्यातच घोड्यांविषयी शिकवलं होतं, पण जिवंत घोड्याशिवाय. म्हणजे फरक घोड्यामुळे पडला असं म्हणायला जागा आहे. स्वमग्नता त्याने जात नाही, आणि स्पीच थेरपी बंद करून घोडा सुरू करू नका.

पुतणीच्या बाबतीत आधी डॉक्टर. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतला सांधा सैल असू शकतो, आणि स्वारीतल्या हादऱ्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. तपासणी आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत बसवू नका. आटोक्यात नसलेली फिट, सरकलेला खुबा, पाठीचा तीव्र बाक असलेल्या मुलांनाही हेच लागू.

केंद्रात विचारा: ही स्वारीची शिकवणी आहे की हिप्पोथेरपी? दुसरीत फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याची चाल उपचारासाठी वापरतो. चालत्या घोड्याची पाठ मुलाच्या कमरेला साधारण माणूस चालताना हलते तशी तिन्ही दिशांना हलवते. अशा तासाला घोडा धरणारा एक आणि दोन्ही बाजूंनी मुलाला सांभाळणारे दोन, अशी तीन माणसं लागतात. तीन नसतील तर नको. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे असताना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक जिंकलं. तेव्हापासून या उपचाराकडे जगाचं लक्ष गेलं.

प्रश्न : यात पुढे काही करिअर आहे का? (दहावीची विद्यार्थिनी, सातारा)

आहे, पण वाट अरुंद आणि खर्चिक. २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. तिथवर पोहोचणारे युरोपात राहून, स्वतःच्या घोड्यावर वर्षानुवर्षं सराव करतात. स्पर्धेखेरीज प्रशिक्षक, पशुवैद्यक, घोड्यांचं संगोपन ही कामं आहेत. पशुवैद्यकीयला जायचा विचार असेल तर एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी (घोडे आणि पशुवैद्यक) शाखेची चौकशी जरूर करा, तिथे स्वारी माफक खर्चात शिकता येते.

प्रश्न : आमच्याकडे वरातीची घोडी आहे. बारा वर्षांचा मुलगा तिच्यावर बिनखोगिराचा बसतो. क्लास परवडत नाही. घरी शिकवता येईल का? (एक शेतकरी, नंदुरबार जिल्हा)

येईल, आणि तुमच्या मुलाला शहरातल्या मुलाहून एक गोष्ट जास्त मिळते. घोडी चोवीस तास डोळ्यासमोर आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे जाणती माणसंही तुमच्या भागात आहेत. बिनखोगिराची सवय मांड पक्की करायला चांगली, पण ती फक्त चालीत आणि मऊ जमिनीवर. डोक्याला हेल्मेट शेतातसुद्धा हवंच.

पहिलं काम: लगामाचं तोंडातलं लोखंड बघा. वरातीच्या घोड्यांना काटेरी लगाम घालतात. १९६५च्या नियमांनुसार तो वापरायला देशभर बंदी आहे, आणि शिकणाऱ्या मुलाच्या हातात तो देणं घोडीवर फार मोठा अन्याय आहे. तोल गेला की मूल लगामालाच लोंबकळतं. तोंडाचे कोपरे, जीभ, हिरड्या बघा. जखम असेल तर भरेपर्यंत स्वारी बंद. मग गुळगुळीत, मध्ये सांधा असलेलं, बोटाएवढं जाड लोखंड आणा. ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडतील इतकं वर बांधा.

वरातीच्या घोडीला ओढलेला लगाम म्हणजे नाचायची खूण असते. म्हणून पहिले काही आठवडे तुम्ही दोरी धरा, मुलाच्या हातात लगाम सैल ठेवा, आणि चाल-थांब-चाल एवढंच करा. थांबली की मानेवर हात फिरवून शाबासकी.

मुलाला दोन नियम घोकून घ्या. घोडीला कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही, म्हणून नेहमी बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जायचं. आणि दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, घडी करून मुठीत धरायची. घोडी बुजली तर गुंडाळलेली दोरी बोटं तोडून नेते.

घोडी गाभण असेल तर अकरा महिन्यांतले शेवटचे तीन महिने स्वारी बंद ठेवा. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा. धनुर्वाताचे जंतू लीद आणि मातीत असतातच, तेव्हा घोडीचं धनुर्वाताचं इंजेक्शन पशुवैद्यकाला विचारून घ्या, आणि मुलाला दहाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस दिली होती का ते त्याच्या लसीकरण कार्डावर बघा. राहिली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.